उजवा कौल

आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. भांडण म्हणून नव्हे, गिरणीमुळे. पडवीला लागूनच आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, भात भरडायची गिरण होती. सकाळी पट्टा फिरायला लागला की दुपारच्या जेवणापर्यंत धडधड थांबत नसे. मीठ मागायचे तरी ओरडून, कोणी गेल्याची बातमी सांगायची तरी ओरडून. वीज गेली की गिरण बंद पडे, पण आमचे आवाज काही खाली येत नसत, आणि आमच्या मसुरे गावात वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाला वाटे की आत मारामारी चालली आहे. कोंड्याची बारीक पूड भांड्यांवर, तसबिरींवर आणि आत्याच्या भुवयांवर बसलेली असे. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. लवकर नवरा गेला म्हणून माहेरी परत आली होती आणि आल्या दिवसापासून घर तिच्याच ताब्यात होते. गिरणीवर मात करून बोलणारी तीच एक. ती परसातून बोलली तर गिरणीतल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाई.

एकटी आई ओरडत नसे. ती देवबागची. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या वाळूवर वाढलेली. लाटांच्या आवाजात वाढलेल्या माणसाने खरे तर मोठ्याने बोलायला हवे, पण तिचे उलटे होते. काही सांगायचे असेल तर ती गिरण थांबण्याची वाट बघत बसे. गिरण थांबेपर्यंत बहुतेक विषय आत्याने आणि आबांनी निकालात काढलेले असत. मग ती भाताचे पातेले उतरवून ठेवी आणि सांगायचे ते तिच्याजवळच राही. आईला कशाबद्दल काहीच म्हणायचे नसते, अशी माझी पक्की समजूत होती. कधी काही म्हणालेली ऐकली नाही, म्हणजे म्हणायचे नसणार.

मामा आला की तेवढा तिचा चेहरा उजळे. मामा सावंतवाडीला कोर्टाच्या आवाराबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचा. स्वतः वकील नव्हता, पण दिवसभर वकिलांचेच बोलणे कानावर असल्यामुळे माशाचा भाव सांगतानासुद्धा कुठल्यातरी मोठ्या वकिलांचा हवाला देई. माझी बारावी चालू होती तेव्हा तो एकदा सुतळीने बांधलेला गठ्ठा घेऊन आला. कुणा वकिलाच्या मुलाने वापरून टाकलेली पुस्तके होती ती, पुण्याच्या एका लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची. "वैजू, ह्या वाच," मामा म्हणाला. "हेच्यात कायदो नसता. दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट काढूची, इतक्याच."

"खोट काढूची परीक्षा?" आत्या माझ्याकडे बघून चुलीपासून ओरडली. "मगे ह्या चेडू पयल्या नंबरान पास जातला."

पुस्तके इंग्रजीत होती आणि माझे इंग्रजी मालवणच्या एसटीसारखे, थांबत थांबत जाणारे. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी खळ्याच्या टोकाला, गिरणीपासून जमेल तितकी लांब जाऊन बसे. प्रत्येक प्रश्नात कोणीतरी काहीतरी पटवून देत असे. एका गावात रस्त्यावर दिवे लावले, त्याच वर्षी चोऱ्या कमी झाल्या, तेव्हा दिव्यांमुळेच चोर पळाले. एका माणसाच्या ओळखीचे सगळे तंबाखू खाणारे धडधाकट, तेव्हा तंबाखू तब्येतीला चांगली. खाली पाच उत्तरे. म्हणणे खरे की खोटे हे विचारलेलेच नसे. म्हणणाऱ्याची उडी कुठे चुकली, तेवढे सांगायचे. हे मला फार आवडले. शाळेत आजवर जे विचारले ते सगळे कोणीतरी आधी सांगितलेले होते. इथे पाठ करण्यासारखे काही नव्हते. व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडताना माणूस दगड बघतो तसे एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्यावर जाताना मधला दगड हलतो का ते बघायचे.

खोटींची इंग्रजी नावे माझ्या डोक्यात राहत नसत, म्हणून मी त्यांना घरातली नावे दिली. एकामागून एक दोन गोष्टी झाल्या म्हणजे पहिलीमुळेच दुसरी झाली, ही आत्याची खोट. मी न्हाऊन केस मोकळे सोडून गिरणीत गेले आणि त्याच दिवशी पट्टा तुटला, तेव्हा आत्याने निकाल दिला होता, "तू केस सोडून गेलस, म्हणान पट्टो तुटलो." पट्टा शिवून शिवून आता शिवायला जागा उरली नव्हती, ते कोणी बोलले नाही. मोठ्या माणसाने म्हटले म्हणून खरे, ही मामाची. आणि जगात वाटा फक्त दोनच, ही आबांची. आबांचे सगळे बोलणे 'नायतर'वर उभे असे. अभ्यास कर, नायतर शेण काढ. एका दुपारी कुळथाची पिठी मला नको होती तर ते म्हणाले, "खावची आसात तर खा, नायतर उपाशी रव."

"आबा, तिसराय आसा," मी म्हटले. "शिंक्यात तळलेले बांगडे आसत."

ते बांगडे रात्रीच्या पाहुण्यांसाठी होते. मला बांगडा तर मिळाला नाहीच, पिठीची वाटीही पुढून उचलली गेली. आत्या म्हणाली की चेडू वकील व्हायच्या आधीच घरात कोर्ट मांडून बसले आहे. आईच्या नावाची खोट मला कधी सापडली नाही, कारण तिने कधी वादच घातला नव्हता. आता, इतक्या वर्षांनी, माझ्या भावाची नात ह्याच परीक्षेचा सराव मोबाईलवर करते. खोट बरोबर ओळखली की पडद्यावर हिरवा रंग येतो आणि टिंग वाजते. तिला मी पिठीची गोष्ट सांगितली तेव्हा तिने विचारले, "मग बांगडे कोणी खाल्ले?"

कोल्हापूरला जाऊन मी परीक्षा दिली. मामा सोबत होता. मी पास झाले आणि मला जागा मिळाली. याहून जास्त त्या परीक्षेबद्दल सांगण्यासारखे काही नाही, कारण खरी परीक्षा घरीच व्हायची होती. मला जायचे होते. हे इथे सरळ लिहिते, कारण त्या दिवसांत मी ते कोणाकडेही सरळ म्हटले नाही. नुसते मुद्दे मांडले. इतके जायचे होते की एसटीचा हॉर्न ऐकला तरी हातातले टाकून मी खळ्याच्या टोकाला जाई. त्याच सुमाराला आत्याने सासरच्या नात्यातले एक स्थळ काढले होते, इन्सुलीचे. नाक्याजवळ, हायवेला त्यांचे हॉटेल होते आणि तिथे गोव्याला जाणारे ट्रक थांबत. "झील एकुलतो, हॉटेल चलता, आणखी काय होया?" असे ती रोज एकदा विचारी. त्या मुलाबद्दल मला राग नव्हता. त्याला मी पाहिलेही नव्हते.

आबांनी दोघींचे ऐकून घेतले आणि म्हणाले, "देवाक इचारूया."

यात टाळाटाळ नव्हती. आमच्याकडे विहीर खणायची, घर शाकारायचे, मुंबईची नोकरी सोडायची, काहीही करायचे झाले तरी आधी गावच्या देवाला, रवळनाथाला, कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही अंगांना बारीक फुले ओली करून चिकटवतो. त्यांना कळे म्हणतात. मग मानकरी देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे प्रश्न, घालतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. उजवा कळा पडला तर होय, डावा पडला तर नाही. आबा मानकऱ्यांपैकी होते आणि प्रश्न घालण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. लांबलांबची माणसे केवळ त्यांनी गाऱ्हाणे घालावे म्हणून थांबून राहत. "अर्धो प्रश्न देवाक घालू नये," ते सांगत. "अर्ध्या प्रश्नाक देव अर्धाच उत्तर देता." त्यांच्या वडिलांकडून ते हे शिकले होते. आबांच्या लग्नाचा कौल त्या आजोबांनीच लावला होता, आणि गाऱ्हाणे पुरे व्हायच्या आत उजवा कळा पडला होता. इतका स्वच्छ कौल त्या देवळात पुन्हा कोणाला मिळाला नाही, असे आत्या प्रत्येक सणाला, पुरणपोळीवर तूप वाढता वाढता सांगे. आई तेव्हा पोळ्या लाटत असे.

सकाळी गिरण बंद ठेवून आम्ही देवळात गेलो. गिरण नसलेली सकाळ मला अनोळखी वाटली, कोंबडासुद्धा जास्तच मोठ्याने आरवल्यासारखा. गाभाऱ्यापुढे गुरव, आबा आणि दाजी नावाचे एक म्हातारे मानकरी. आणखी दोघेतिघे पुरुष खांबांना टेकून होते. मी, आई आणि आत्या मागे सभामंडपात. आत तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास होता. गुरवाने कळे लावले. आबांनी हात जोडले आणि तो घरातला ओरडण्याचा आवाज नव्हे, दुसराच एक आवाज काढला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान परीक्षा दिल्यान, पास झाला. आता तेका पुण्याक शिकूक धाडूचा म्हणतंय. धाडूचा आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाकीचे म्हणाले.

बराच वेळ काही झाले नाही. मग डाव्या अंगाचा एक कळा सैल झाला, पाषाणावरून घसरला आणि खाली पडला. आत्याने समाधानाने पदर सारखा केला. गुरव ताम्हन उचलायला वाकला. तेवढ्यात माझ्या तोंडून शब्द गेले.

"आबा, अर्धोच प्रश्न झालो."

सगळे मागे वळले. तिथे मुलींनी बोलायची रीत नव्हती. तरी मी पुढे बोलले. "धाडू नको म्हटल्यान देवान. घरात ठेव म्हणान खंय म्हटल्यान?"

"एकच गजाल ती," गुरव म्हणाला. "एका अंगान नाय, म्हणजे दुसऱ्या अंगान व्हय."

"तसा होणा नाय," मी म्हटले. पुस्तकातले एक अख्खे प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे होते.

दुसरा कोणी बाप असता तर त्याने मला हाताला धरून बाहेर काढले असते. आबांचा चेहरा लाल झाला खरा, पण मी त्यांना त्यांच्याच विद्येत पकडले होते. अर्धा प्रश्न घातला असा बोल त्यांना सहन होण्यासारखा नव्हता, तोही दाजींच्या समोर. त्यांनी गुरवाला कळे पुन्हा लावायला सांगितले आणि हात जोडले. "बा म्हाराजा, ह्या चेडू घरातच रवला तर तेचा बरा होतला? होतला तर उजवो दी, नाय तर डावो."

आता उजवा पडणार आणि विषय संपणार, असेच सगळ्यांना वाटत होते. मलाही. कळा पडला तो डावा.

मला हसू येऊ लागले होते. देवाने आबांची खोट उघडी पाडली होती. वाटा दोनच नव्हत्या, हे आता आबांच्याच देवळात, आबांच्याच तोंडून सिद्ध झाले होते. पुण्याच्या कॉलेजात पोचायच्या आधीच मी पहिला खटला जिंकला असे मला वाटले.

"चेडू मधी बोलला, म्हणान देव रागावलो," आत्या कुजबुजली. तिचे कुजबुजणे सगळ्यांना ऐकू गेले.

दाजींनी मान हलवली. "रागावलो नाय. वाट दाखवल्यान. शिकूक धाडू नको, घरात ठेवू नको. मगे काय रवला? लगीन. इन्सुलीचा इचार. आत्ताच्या आत्ता इचार."

खांबांना टेकलेले पुरुष सरळ झाले. बरोबरच होते त्यांचे. दोन वाटा बंद म्हणजे तिसरी, आणि तिसरीचा दरवाजा मीच उघडून दिला होता. हसू कुठल्या कुठे गेले. गुरव नवे कळे ओले करू लागला. मी भराभरा डोक्यातली पाने उलटत होते. दाजींच्या बोलण्यात खोट होती. तिसरी आहे तशी चौथी असू शकते, पाचवीही असू शकते. पण ते मी म्हटले असते तर आबांनी चौथा प्रश्नही घातला असता, आधी तिसरा घालून. आणि आता उजवा पडला तर? उजव्या कळ्यापुढे कोणाचा मुद्दा चालतो? आबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली.

"माझ्या लग्नाच्या येळार उजवो दिलो हुतो."

मला आधी कळलेच नाही की कोण बोलले. आई खांबाजवळ उभी होती. आवाज तिचा नेहमीचाच, हळू. पण गिरण बंद होती.

ती आणखी काही बोलेल म्हणून सगळे थांबले. ती बोलली नाही. तिने मान खाली घातली नव्हती आणि कोणाकडे बघतही नव्हती. समोर पाषाणाकडे बघत होती. रडणे वगैरे काही नाही. पीठ संपले असे सांगावे तसे तिने ते सांगितले होते. आत्याने तोंड उघडले, आणि माझ्या माहितीत प्रथमच त्यातून काही आले नाही. दाजी आपल्या काठीच्या मुठीकडे बघू लागले.

आबांचे जोडलेले हात तसेच होते. मग ते सुटले. "पुरे," ते गुरवाला म्हणाले. "कळे काढ."

मळ्याच्या बांधावरून आम्ही घरी आलो. आबा पुढे, आई सगळ्यांच्या मागे. जेवताना आबांनी भात कालवला, सोलकढीची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जूनात जावक होया नाय काय? मगे ट्रंक बघूक होयी." निर्णय म्हणून जे काही झाले ते एवढेच. माझा आनंद इतका होता की मी जेवण अर्धे टाकून गोठ्यात गेले आणि म्हशीच्या मानेला मिठी मारून रडले. इन्सुलीला आत्यानेच काहीतरी निरोप पाठवला. पुरणपोळीवर तूप वाढतानाची ती गोष्ट मात्र तिने पुन्हा कधी सांगितली नाही.

पुढे मी वकील झाले, आणि आयुष्य युक्तिवाद ऐकण्यात आणि करण्यात गेले. चांगले ऐकले, तासन्‌तास चालणारेही ऐकले. आईचा तो एक मी अजून तपासते आहे. पुस्तकाच्या मापाने तो तोकडा आहे. एकाच उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय त्याला निष्कर्षच नाही. नुसते एक खरे वाक्य, आणि पुढची उडी ऐकणाऱ्याने मारायची. तिला काय म्हणायचे होते? उजवा कौल मिळूनही असे झाले, हे? की उजवा मिळाला आणि बरे झाले, देवावर सोडा, हे? तेही त्यात बसते. आबा वाईट नवरा नव्हते. कधी हात उगारला नाही, दारू नाही, देवबागच्या जत्रेला दरवर्षी तिला स्वतः पोचवत. पण ती काय म्हणते ते त्यांना कधी ऐकू गेले नव्हते, आणि त्याला सगळी गिरणच कारण होती असे म्हणणे म्हणजे आत्याची खोट होईल.

मी निघाले त्या सकाळी मामा ट्रंक घेऊन खळ्यात उभा होता. आईने मला पेज वाढली, वर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. आबा आत आले. नेहमीच्या वेळी गिरण सुरू झाली नव्हती, ते माझ्या तेव्हा लक्षात आले. ते चुलीजवळ उभे राहिले आणि घरात मी कधी ऐकला नव्हता इतक्या खालच्या आवाजात त्यांनी आईला विचारले, "गो, थंय देवळात तुका काय म्हणूचा हुता?"

आईने पळी पातेल्यात ठेवली. घाई केली नाही.

"तुमी काय आयकलास?" ती म्हणाली.

उत्तर आबांकडे होते, ते चेहऱ्यावर दिसत होते, पण ते त्यांनी सांगितले नाही. आई वाट बघत होती. ते वळले, गिरणीत गेले आणि त्यांनी पट्टा सुरू केला. मी पाया पडायला गेले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. धडधडीत मला ते ऐकू आले नाही. व्हाळ ओलांडून वळणापर्यंत गेलो तरी गिरणीचा आवाज मागे येत होता. त्या दिवशी कोणाचेही भात भरडायला आलेले नव्हते.